बटाटा, ज्वारी आणि इलेक्ट्रॉनची पायवाट

गेल्या श्रावणात धारवाडला जाण्याचा योग आला. कोल्हापूरकराला धारवाड काही परमुलूख नव्हे. निपाणीच्या अलीकडेच दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, इतकेच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि संध्याकाळच्या बैठकीतले गाणे तेच राहते. माझे यजमान अण्णा हे निवृत्त शिक्षक. घर धारवाड शहरात आणि थोडे शेत नवलगुंदाच्या वाटेवर, काळ्या रानात. घरात मराठी आणि गोठ्यात कानडी असा त्यांचा रिवाज आहे. गाय कानडीच समजते, असे ते गंभीरपणे सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे आटोपून पानाचे तबक पुढे आले होते, तोच शेतावरून गड्याचा फोन आला. गाय दावे तोडून ज्वारीत शिरली होती आणि आता पडली होती. तीन आठवडे पावसाने ओढ दिलेली. मुंगारी म्हणजे खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढी वाढून तिथेच खुरटलेली. अशी कोवळी, तहानलेली ज्वारी जनावराला बाधते, हे नवलगुंदच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे तसे शिरोळच्याही आहे. पण दावे तोडणाऱ्या गाईला ते कोण सांगणार?

आम्ही पोचलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर आधीच आले होते. गाय आडवी पडून मान ताणत होती. तोंडाला फेस, नाकपुड्या फुललेल्या, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. डॉक्टरांनी मानेच्या शिरेत सुई घातली, तेव्हा बाहेर आलेला रक्ताचा थेंब त्यांनी आम्हांला मुद्दाम दाखवला. तो लालभडक होता. शिरेतले रक्त काळपट असावयाचे. हे नुकत्याच घेतलेल्या श्वासासारखे ताजे होते. त्यांनी एकामागून एक दोन औषधे शिरेतून दिली. एक सोडियम नायट्राइट आणि दुसरे सोडियम थायोसल्फेट. हे दुसरे म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करावयास जो वापरीत, तोच. तासाभराने गाईने मान सावरली. दिवेलागणीला ती उभी राहिली.

परतताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग सांगा बघू. रक्तात प्राणवायू भरलेला, छाती भात्यासारखी हलतेय, आणि तरी गाय गुदमरतेय. हे कसं काय?"

त्यांना त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिले. उरलेले आज देतो आहे.

श्वास घेणे म्हणजे छाती हलवणे, असे आपण समजतो. खरा श्वास फुप्फुसात नाही, पेशीत आहे. आपण खातो त्या भाकरीतून, गाय खाते त्या कडब्यातून शरीर शेवटी एक गोष्ट काढून घेते, ती म्हणजे इलेक्ट्रॉन. अणूच्या भोवती असलेले हे ऋण विद्युतेचे कण अन्नाच्या रेणूंतून सुटतात आणि पेशीतल्या तंतुकणिकांच्या पडद्यात एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे दिले जातात. धरणाचे पाणी पायरीपायरीने खाली उतरावे तसे. दर पायरीला थोडी शक्ती सुटते आणि तिच्यावर पेशीचा सगळा संसार चालतो. अगदी खालच्या पायरीवर प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. आपण ओढलेल्या प्राणवायूचा बहुतेक भाग या एका कामासाठी खर्च होतो.

प्राणवायूच्या हाती इलेक्ट्रॉन देणाऱ्या शेवटच्या प्रथिनाचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेझ. त्याच्या पोटात लोखंड आहे. कोवळ्या ज्वारीतून निघणारे सायनाइड नेमके त्या लोखंडाला जाऊन चिकटते. मग शेवटचा नाका बंद. मागचे सगळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी तटतात. रक्त प्राणवायू घेऊन दारात उभे आहे, पण घेणारा कोणी नाही. म्हणून ते तसेच लालभडक परत फिरते. डॉक्टरांचे पहिले औषध रक्तातल्या काही लोखंडाचे रूप असे बदलते की सायनाइड तिकडे ओढले जाते. दुसरे औषध गंधक पुरवते, आणि त्या गंधकाशी जोडून यकृत सायनाइडचे निरुपद्रवी द्रव्य बनवून टाकते. वेळेवर पोचणे मात्र हवे. हे विष घटका-दोन घटका थांबत नाही.

एवढे मी अण्णांना गाडीत सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, की हे सगळे प्रथम पाहिले कोणी? आणि येथे मला एका मराठी बाईचे नाव घ्यावे लागले, ते ऐकून त्यांनी गाडी हळू केली.

कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूर संस्थानातला. लोकसाहित्य आणि परखड लेखणी यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी १९३३ साली घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. मुलीला संशोधनासाठी घ्यावयाचे नाही, एवढेच. ही मुलगी बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि हटली नाही. शेवटी एक वर्ष परीक्षेवर, अटी घालून प्रवेश मिळाला. रामन यांच्या थोरवीबद्दल मला आदर आहे. पण या प्रकरणात ते चुकले, हे लिहिताना हात अडखळू देण्याचे कारण नाही. पुढे त्याच संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली ती या वर्षामुळे.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा जगात नावाजलेली होती. प्रथम डेरेक रिक्टर आणि मग वनस्पतींच्या श्वसनावर काम करणारे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हातात वस्तू काय, तर बटाटा.

त्या वेळचा प्रश्न समजून घेतला पाहिजे, नाही तर बटाट्याचे महत्त्व कळत नाही. डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली केंब्रिजमध्येच, वर्णपट दाखवणाऱ्या साध्या यंत्रातून किड्यांचे स्नायू आणि यीस्ट पाहताना, चार काळ्या पट्ट्या ओळखल्या होत्या. हवा मिळाली की त्या पुसट होत, हवा तुटली की पुन्हा उमटत. त्या रंगद्रव्यांना त्याने सायटोक्रोम म्हटले. म्हणजे पेशीचा रंग. वनस्पतींतही ती असल्याचे त्याने त्याच निबंधात नोंदवले होते. म्हणून कमलाबाईंनी वनस्पतींत सायटोक्रोम 'शोधले' असे वर्तमानपत्रांत सरसकट छापून येते, ते शब्दशः बरोबर नाही. केवळ असणे आणि कामावर असणे यांत अंतर आहे. वनस्पतीत श्वसनाचे शेवटचे काम सायटोक्रोम करते की दुसरेच कोणी, यावर वाद होता. आणि बटाट्यात दुसरा दावेदार बलवान होता.

तो दावेदार प्रत्येक गृहिणीच्या ओळखीचा आहे. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. म्हणून आपल्या घरात तो चिरल्याबरोबर पाण्यात टाकतात. बटाट्यातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने टायरोसीन नावाच्या अ‍ॅमिनो आम्लासारख्या द्रव्यांतून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि त्यांचे काळे रंगद्रव्य बनते. प्राणवायू तर हे विकरही वापरते. मग बटाट्याचा श्वास याच्याच हाती नसेल कशावरून, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ विचारीत. काळ्या पडणाऱ्या रसात फिक्या पट्ट्या पाहावयाच्या, हे काम किती कटकटीचे असेल याची कल्पना कोणीही बटाटा किसून करू शकेल.

हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ साली 'नेचर' मध्ये आले. विषय होता, सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ. म्हणजे अण्णांच्या गाईचा जो नाका बंद पडला होता, तोच नाका बटाट्यातही आहे. कमलाबाईंचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा, आणि केंब्रिजला पोचल्यापासून दीड वर्षाच्या आत पुरा झालेला. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढे दिल्ली, कुन्नूर आणि शेवटी मुंबईची विज्ञान संस्था. तेथे त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे काम करून घेतले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

"आमच्या हुबळीच्या बाजारात एवढा बटाटा येतो," अण्णा म्हणाले, "पण त्याचा केंब्रिजशी संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं."

आता या कथेचा अवघड भाग. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, हे म्हणणे सोपे आहे. पण प्रथिन म्हणजे काही तांब्याची तार नव्हे. वीस प्रकारच्या अ‍ॅमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवून झालेली ती माळ असते. दोन-चार मण्यांची माळ असली तर तिला पेप्टाइड म्हणतात आणि लांब असून नीट घडी पडलेली असली तर प्रथिन. मनुष्याच्या सायटोक्रोम सी मध्ये असे १०४ मणी आहेत. चिंपांझीच्या सायटोक्रोम सी मध्येही तेच, त्याच क्रमाने. बटाट्याच्या माळेत काही मणी निराळे. पण लोखंडाला धरून ठेवणारे मणी तेच. हे लोखंड माळेच्या घडीत, एका चपट्या कड्याच्या मधोमध बसवलेले असते आणि इलेक्ट्रॉन घेऊन-देऊन आपले रूप पालटत राहते. भोवती सगळी माळ. आणि ती माळ विद्युतेच्या दृष्टीने जवळजवळ मेणासारखी, म्हणजे दुर्वाहक. मग इलेक्ट्रॉन आत शिरतो कसा नि बाहेर पडतो कसा?

हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी, ज्यांना क जीवनसत्त्वावरील कामासाठी १९३७ चे नोबेल मिळाले, त्यांनी १९४१ साली सुचवले की कदाचित प्रथिनांतून इलेक्ट्रॉन धातूच्या स्फटिकातल्यासारखे मोकळे वाहत असतील. कल्पना सुंदर होती. पण तशी ती निघाली नाही.

उत्तराचा धागा एका जिवाणूने दिला. डी व्हॉल्ट आणि चान्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रकाशावर जगणाऱ्या एका जिवाणूला लेसरचा झोत देऊन त्याच्या सायटोक्रोममधून इलेक्ट्रॉन किती वेगाने निघतो हे मोजले. मग ते नमुना थंड करीत गेले. रसायनातली कोणतीही क्रिया थंडीने मंदावते. दूध फ्रिजमध्ये नासत नाही ते यामुळेच. ही क्रियाही मंदावली. पण शून्याखाली दीडशे अंशांच्याही पलीकडे गेल्यावर तिने मंदावणे सोडून दिले. अधिक थंड करा, वेग तोच. याचा अर्थ, येथे इलेक्ट्रॉन उष्णतेच्या जोरावर टेकाड चढून जात नव्हता. तो टेकाडातून आरपार जात होता.

हुबळीहून गोव्याकडे गेलेल्यांना कॅसलरॉकच्या पुढचा घाट आठवत असेल. सह्याद्री आडवा आला, तेव्हा रेल्वेवाल्यांना एकामागून एक बोगदे खणावे लागले. त्या भागात रूळ घालणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडलाच होते. इलेक्ट्रॉनला बोगदा खणावा लागत नाही. तो कणही आहे आणि लहरही. लहरीची शेपटी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर किंचित पोचलेली असते, आणि जितकी ती तेथे असेल तितका तो 'पलीकडे सापडण्याचा' संभव. सापडला की सापडला. मधल्या डोंगरात तो कधी होता, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. हे ऐकून वाचकांनी कपाळाला आठ्या घातल्या, तर मी त्यांना दोष देणार नाही. भौतिकशास्त्रज्ञांनीही घातल्या होत्या.

मात्र या जादूला अंतराची कडक मर्यादा आहे. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींवा भाग. प्रथिनातून जाताना अंतर दोन अँगस्ट्रॉमने वाढले, की इलेक्ट्रॉनचा वेग सुमारे दहापट घटतो. मधे निव्वळ पोकळी असती तर याहून कितीतरी अधिक घटला असता. म्हणजे माळेचे मणी अगदीच निरुपयोगी नाहीत. मण्यामण्यांतले रासायनिक बंध लहरीच्या शेपटीला आधार देतात. कॅलिफोर्नियातले हॅरी ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार कल्पकतेने दाखवले. १९८२ साली त्यांनी घोड्याच्या सायटोक्रोम सी वरील तेहतिसाव्या मण्यावर, हिस्टिडिनवर, रुथेनियम धातूचा अणू बांधला आणि प्रकाशाने इलेक्ट्रॉन सोडला. मधे बारा अँगस्ट्रॉमच्या आसपास प्रथिनाची भिंत. इलेक्ट्रॉन ती पार करून सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात लोखंडापाशी पोचला. पुढे त्यांनी धातू निरनिराळ्या जागी बांधून वेग मोजले, तेव्हा कळले की नुसते अंतर पुरे नाही. मधे सलग बंधांची पायवाट आहे की फट आहे, यावरही फरक पडतो.

पेनसिल्व्हेनियाच्या लेस्ली डटन यांच्या गटाने १९९९ साली अनेक प्रथिनांच्या रचना तपासून एक हिशेब मांडला. जेथे जेथे निसर्गाला इलेक्ट्रॉन न्यावयाचा असतो, तेथे दोन थांब्यांतील अंतर चौदा अँगस्ट्रॉमहून अधिक नसते. चौदापर्यंत काम हजारांश सेकंदाच्या आसपास वा त्याआधीच उरकते. पंचवीस झाले की सेकंद आणि मिनिटे मोजत बसावे लागेल, आणि जिवंत पेशीला एवढा वेळ नसतो.

मग दूर जावयाचे झाले तर? ओढा रुंद असला की आपण काय करतो? एका उडीत जात नाही. मधल्या दगडांवर पाय ठेवतो. प्रथिनात हे दगड बहुधा लोखंड-तांब्याचे असतात. पण कित्येक ठिकाणी धातू नसतो, आणि तेथे माळेचेच काही मणी दगड होतात. वीस प्रकारच्या मण्यांत बहुतेक जण इलेक्ट्रॉन सोडायला तयार नसतात; कृपणाच्या मुठीतला पैसा जसा. दोघे मात्र त्या मानाने उदार. एक ट्रिप्टोफॅन आणि दुसरे टायरोसीन. होय, बटाटा काळा पाडणारे तेच टायरोसीन. यांच्या अंगावर कार्बनची सपाट कडी असतात. त्यांतून एक इलेक्ट्रॉन निघून गेला तरी त्यांचा डोलारा कोसळत नाही. मागून दुसरा येतो आणि जागा भरतो. असे एकाने पुढच्याला द्यावे, मागच्याकडून घ्यावे, आणि खाच मागे मागे सरकत जावी. ग्रे यांच्याच गटाने २००८ साली अझुरिन नावाच्या तांब्याच्या प्रथिनात वाटेवर एक ट्रिप्टोफॅन नेमका बसवला, तेव्हा वीसेक अँगस्ट्रॉमच्या प्रवासाला एका उडीत लागला असता त्याच्या शेकडो पट कमी वेळ लागला. त्या जागी टायरोसीन घातले तर काम होत नव्हते. मणी कोणता आणि कोठे, यावर सारे अवलंबून.

आपल्या प्रत्येक विभागणाऱ्या पेशीत हा प्रकार चालतो. गुणसूत्रांतील डीएनएचे मणी ज्या विकराने तयार होतात, त्यात एका टायरोसीनपासून निघालेली ही देवघेव तीसहून अधिक अँगस्ट्रॉम दूर असलेल्या सिस्टीनपर्यंत पोचावी लागते. अमेरिकेतील जोआन स्टुबी यांनी आयुष्याचा मोठा भाग या एका वाटेच्या शोधात घालवला. एका उडीत जावयाचे तर दिवसचे दिवस लागले असते. वाटेवर टायरोसीनचे दगड टाकलेले आहेत म्हणून ते विकर दर सेकंदाला काही वेळा आपले काम पुरे करते. रक्ताच्या काही कर्करोगांत हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध देतात, ते या वाटेचा पहिलाच दगड निकामी करते. डीएनएचा पुरवठा तुटतो आणि बेफाम वाढणारी पेशी थांबते. एका मण्यातला एक इलेक्ट्रॉन. आणि त्यावर रोग्याचे बरे-वाईट.

धारवाडात परत आल्यावर अण्णांनी दुसऱ्या दिवशी मला कर्नाटक विद्यापीठाकडे फिरावयास नेले. छोटा महाबळेश्वर म्हणून ओळखली जाणारी ही टेकडी पावसाळ्यात खरोखरच त्या नावाला शोभते. येथल्या रसायनशास्त्र विभागात प्रा. शरणप्पा नंदीबेवूर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी अ‍ॅमिनो आम्लांतून इलेक्ट्रॉन किती वेगाने काढून घेता येतो, हे वर्षानुवर्षे मोजले आहे. पद्धत कळायला सोपी आहे. परमँगनेटसारखे इलेक्ट्रॉनचे भुकेले, रंगीत द्रव्य अ‍ॅमिनो आम्लात घालावयाचे आणि रंग किती वेगाने उतरतो, हे यंत्राने पाहावयाचे. केलिन जे जिवंत पेशीत पाहत होता, तेच येथे काचेच्या नळीत, एकेका मण्याला वेगळे काढून. असले काम गाजत नाही. त्यावर कोणी चित्रपट काढत नाही. पण कोणत्या परिस्थितीत कोणते अ‍ॅमिनो आम्ल किती वेगाने इलेक्ट्रॉन देते, याचे आकडे अशाच कामातून मिळतात.

टेकडीवरून उतरताना अण्णांनी खरा प्रश्न टाकला. मास्तरांचा स्वभाव तो. विद्यार्थ्याला सुटका नाही.

"गाय मरू घातली. बटाट्यातही तोच नाका आहे म्हणता. म्हणजे ज्वारीतही असणारच. मग ज्वारी स्वतःच्या विषानं का मरत नाही?"

मी त्या दिवशी निरुत्तर झालो. घरी येऊन पुस्तके उघडली.

ज्वारी विष मोकळे ठेवतच नाही. सायनाइड एका रेणूत, साखरेला जखडून ठेवलेले असते. त्या रेणूचे नाव धुरिन. तो पानाच्या बाहेरच्या थरातील पेशींत असतो आणि त्याला सोडवणारे विकर आतल्या थरातील पेशींत. दोघांची गाठ पडत नाही, तोवर काही बिघडत नाही. गाईच्या दातांखाली दोन्ही थर एकत्र चिरडले जातात, पाणी मिळते, आणि सायनाइड सुटते. कोवळ्या पानात धुरिन अधिक असते. पाऊस तुटून वाढ खुंटली की ते आणखी साचते. ज्वारी मोठी होऊन फुलोऱ्यावर आली की प्रमाण घटते, आणि चांगल्या वाळलेल्या कडब्याची भीती फारशी उरत नाही. हे धुरिन ज्वारी कशापासून बनवते, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. टायरोसीनपासून. जो मणी इलेक्ट्रॉनला वाट देतो, त्यालाच मोडून ज्वारी ती वाट बंद करणारे विष करते.

आणखी एक गोष्ट आहे. वनस्पतींच्या पेशीत शेवटच्या नाक्याला वळसा घालणारी एक आडवाट असते. तेथे निराळे विकर इलेक्ट्रॉन आधीच उचलते आणि थेट प्राणवायूला देते. सायनाइडचे त्याच्यापुढे काही चालत नाही. या वाटेने शक्ती फारशी हाती लागत नाही, बरीचशी उष्णता होऊन जाते. सुरणाच्या कुळातील काही फुले उमलताना हाताला गरम लागतात, ती याच आडवाटेमुळे. गाईजवळ अशी आडवाट नाही. आपल्याजवळही नाही.

हे सगळे मी अण्णांना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले, ते चार ओळींचे. पाऊस पुन्हा पडला, ज्वारी निसवली. गाय दूध देते आहे. गोठ्याला नवे दावे केले आहे, साखळीचे. आणि घरात आता बटाटा चिरला, की सूनबाई पाणी आणण्याआधी नातवंडे घड्याळ लावून बसतात, कधी काळा पडतो ते पाहायला.